२१४७४८३६४७ मूळ आहे हे हाताने कसं सिद्ध करायचं? आणि लुकास–लेमरचा प्रोग्राम तिला ‘संयुक्त’ का म्हणतो?

कागदपेन्सिल (प्रश्न)

२^३१ − १ = २१४७४८३६४७ ही मूळ संख्या असल्याचं ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं, एवढं वाक्य जिथे तिथे सापडतं. कसं दाखवलं ते मात्र सापडत नाही. वर्गमूळ ४६३४०.९५ येतं आणि त्याच्या आत ४७९२ मूळ संख्या आहेत. दहा अंकी संख्येला इतक्या वेळा हाताने भागणं अशक्य नाही, पण कुणी एवढं केलं असेल यावर विश्वास बसत नाही. काहीतरी चाळणी असणार. ती नेमकी काय?

दुसरं, २^घ − १ ही संख्या मूळ आहे का ते सांगणाऱ्या लुकास–लेमर चाचणीचा प्रोग्राम लिहिला आहे. ४ पासून सुरुवात, दर पायरीला वर्ग करून २ वजा, २^घ − १ ने भागून बाकी काढायची, अशा घ − २ पायऱ्या, शेवटी शून्य आलं तर मूळ. भागाकार टाळायला ‘खालचे बिट अधिक वरचे बिट’ ही युक्ती वापरली आहे. उत्तर ३१ ला ‘संयुक्त’ येतं. ५ आणि ७ लासुद्धा ‘संयुक्त’च येतं, म्हणजे चूक ओव्हरफ्लोची (आकडा बिटांत न मावण्याची) नसावी.

तिसरं, यादृच्छिक संख्यांच्या जुन्या प्रोग्रामांमध्ये याच संख्येबरोबर १६८०७ का दिसतो?

शेषफळ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर. दोन चाळण्या आहेत, दोन्ही कागदावर मावतात.

समजा भ हा २^३१ − १ चा मूळ विभाजक आहे. म्हणजे २^३१ ला भ ने भागलं की बाकी १. आता २ चा सर्वात लहान कोणता घात बाकी १ देतो ते बघा. तो घातांक ३१ ला भागणारा हवा. ३१ मूळ आहे, म्हणून तो १ किंवा ३१. तो १ असता तर भ ने २ − १ = १ ला भागायला हवं, ते शक्य नाही. म्हणून ३१. फर्माच्या छोट्या प्रमेयाने २^(भ − १) चीही बाकी १ असते, म्हणून ३१ हा भ − १ ला भागतो. भ विषम आहे, म्हणजे भ − १ सम. दोन्ही मिळून भ = ६२क + १.

दुसरी चाळणी अनेकजण विसरतात. २^३२ ची बाकी २ आहे, आणि २^३२ म्हणजे २^१६ चा वर्ग. याचा अर्थ भ च्या हिशेबात २ हा पूर्ण वर्ग आहे. ज्या विषम मूळ संख्यांच्या बाबतीत असं होतं त्यांना ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च राहते. ६२क + १ ला ही अट लावली की क ला ४ ने भागल्यावर ० किंवा १ उरलं पाहिजे. म्हणजे विभाजक दोनच साच्यांत बसतात:

२४८न + १ आणि २४८न + ६३.

ऑयलरने हेच दोन साचे दिले आणि ४६३३९ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या. ४६३४० च्या आत प्रत्येक साच्यात न = १ ते १८६ बसतात, म्हणजे एकूण ३७२ उमेदवार. (न = ० ला १ आणि ६३ येतात, दोन्ही बाद.) त्यातले बहुतेक दिसताक्षणी संयुक्त आहेत. सुरुवातीचे बघा: २४९ = ३ × ८३, ३११ मूळ, ४९७ = ७ × ७१, ५५९ = १३ × ४३, ७४५ ला ५ ने भाग जातो, ८०७ आणि ९९३ ला ३ ने, १०५५ ला ५ ने, १२४१ = १७ × ७३, १३०३ मूळ, १४८९ मूळ. साधारण किती उरतील याचा अंदाज असा: २४८ ने भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांपैकी २४८ शी सहमूळ (सामाईक अवयव नसलेल्या) १२० आहेत, त्यातल्या आपल्या दोन, म्हणून ४७९२ × २ ÷ १२० ≈ ८०. चार हजारांवरून काम ऐंशीच्या आसपास भागाकारांवर आलं. बैठक मारून करण्याजोगं आहे.

हाताने करताना खरा धोका वेगळा आहे. बाकी शून्य नाही एवढंच आपण नोंदवतो. खरी बाकी शून्य असताना वजाबाकी चुकली, तर विभाजक हातातून निसटतो आणि कळतही नाही. म्हणून प्रत्येक भागाकाराला नवाचा ताळा घ्यावा. उदाहरण ३११ चं: भागाकार ६९०५०९२, बाकी ३५. ताळा: ३११ चा ५, ६९०५०९२ चा ४, गुणाकार २० म्हणजे २, त्यात ३५ चा ८ मिळवला की १० म्हणजे १. इकडे २१४७४८३६४७ च्या अंकांची बेरीज ४६, म्हणजे १. जुळलं. अंकांची अदलाबदल झाली तर नवाचा ताळा ती पकडत नाही, तेव्हा अकराचाही घेतलेला बरा.

लांब भागाकार नको असेल तर वर्ग करत जा. ३११ साठी: २^८ = २५६, म्हणजे −५५. २^१६ म्हणजे ३०२५, बाकी २२६, म्हणजे −८५. २^२४ म्हणजे ५५ × ८५ = ४६७५, बाकी १०. २^३१ म्हणजे १० × १२८ = १२८०, बाकी ३६. १ वजा केला की ३५. वरच्याशी जुळतं. दोन वेगळ्या वाटांनी तीच बाकी आली तर ताळ्याचीही गरज नाही.

जाता जाता: काताल्दीने १५८८ मध्ये १७ आणि १९ हे घातांक बरोबर सिद्ध केले होते, पण २३, २९, ३१, ३७ हेही मूळ संख्या देतात असं ठोकून दिलं. त्यातला ३१ तेवढा खरा निघाला. वरच्याच चाळणीने बाकीचे किती पटकन पडतात ते बघा. २३ साठी पहिलाच उमेदवार ४७, आणि तोच विभाजक. २९ साठी ५९, ११७, १७५ बाद होतात आणि २३३ ने भाग जातो. ३७ साठी ७५, १४९ बाद आणि २२३ ने भाग जातो.

बिटसरकव

तुमची चूक एका ओळीची आहे, पण कारण समजून घेण्याजोगं आहे.

म = २^३१ − १ धरा. २^३१ ला म ने भागलं की बाकी १, म्हणून कुठल्याही संख्येचे ३१ व्या स्थानापासूनचे वरचे बिट उचलून खालच्या ३१ बिटांत मिळवले तरी बाकी बदलत नाही. ही ‘दुमडणी’ झाली. आता विचार करा: धन संख्या दुमडली तर शून्य कधी येईल? खालचा भागही शून्य आणि वरचा भागही शून्य असेल तरच, म्हणजे दुमडण्याआधीची संख्याच शून्य असेल तर. धन संख्या कितीही वेळा दुमडा, शून्य येणारच नाही. शून्याच्या जागी म येतो. तुमचा प्रोग्राम शेवटी शून्याशी तुलना करतो, म्हणून ५ ला ३१, ७ ला १२७ आणि ३१ ला २१४७४८३६४७ हातात असूनही तो ‘संयुक्त’ छापतो.

उपाय: दुमडून झाल्यावर संख्या म एवढी किंवा म पेक्षा मोठी असेल तर एकदा म वजा करा. ही वजाबाकी दर पायरीला करा, फक्त शेवटी नको. कारण असं: दुमडण्यापूर्वी संख्या २^६२ पेक्षा लहान असते, म्हणून वरचा आणि खालचा भाग दोन्ही २^३१ च्या आत, बेरीज २^३२ च्या आत. वजाबाकी केली नाही तर पुढचा वर्ग २^६४ च्या जवळ जातो आणि चिन्ह असलेल्या ६४ बिटांत मावत नाही.

आणखी दोन खड्डे:

वजा २ करताना संख्या ० किंवा १ असेल तर उत्तर ऋण. चिन्ह नसलेल्या प्रकारात ते थेट २^६४ च्या शेजारी जाऊन बसतं आणि पुढचं सगळं बिघडतं. ‘वर्ग + म − २’ असं लिहा, मग प्रश्नच नाही.

वर्ग करण्याआधी संख्या ६४ बिटांत न्या. गुणाकार ३२ बिटांत करून उत्तर ६४ बिटांच्या चलात ठेवलं तर नुकसान आधीच झालेलं असतं.

पडताळणीसाठी आकडे. सुरुवातीचा ४ शून्याव्या क्रमांकावर धरला तर पुढे १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४ (इथवर बाकी काढायची वेळच येत नाही), मग पाचवी ६६९६७०८३८, सहावी १९३७२५९४१९. अठ्ठाविसावी ६५५३६ आणि एकोणतिसावी शून्य. शेवटची पायरी तर तोंडी होते: ६५५३६ चा वर्ग २^३२, वजा २ म्हणजे ४२९४९६७२९४, आणि ते बरोबर २म. दुमडलं तर: खालचे ३१ बिट २१४७४८३६४६, वरचा १, बेरीज म. तुमची चूक इथेच डोळ्यांनी दिसते.

पाचवी हाताने करायची असेल तर १४१६३१७९५४ ऐवजी −७३११६५६९३ घ्या. वर्ग ५३४६०३२७०६२०१७०२४९. त्याचे दोन भाग: वरचा २४८९४४०४७, खालचा ४२०७२६७९३. बेरीज ६६९६७०८४०, वजा २.

‘संयुक्त’ बरोबर येतं का तेही तपासा. ११ घातांकाला २०४७ = २३ × ८९. क्रम असा यायला हवा: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवट शून्य नाही. आणि २ हा घातांक चाचणीला देऊच नका, ती फक्त विषम मूळ घातांकांसाठी आहे.

कागदपेन्सिल

म वजा केल्यावर ५, ७, १३, १७, १९, ३१ सगळे बरोबर आले, ११, २३, २९ पडले. अठ्ठाविसाव्या पायरीला ६५५३६ दिसला. एक शंका: २ हा पाया घेऊन फर्माची चाचणी (२^(म − १) ला म ने भागून बाकी १ येते का) केली तर ३१ पास होतो, आणि ती लिहायलाही सोपी. मग लुकास–लेमर कशाला?

शेषफळ

तीच चाचणी ११ वर लावा. २०४७ सुद्धा पास होईल.

मूळ घातांकाच्या या संख्यांवर पाया २ काहीच सांगत नाही. २^घ ची बाकी १ हे तर संख्येच्या रचनेतच आहे. आणि म = २^घ − १ धरला तर म − १ = २^घ − २ ला घ ने नेहमी भाग जातो, म्हणून २^(म − १) ची बाकी १ येणारच, म मूळ असो वा नसो. पाया ३ घ्या. ते संयुक्त असल्याचा पक्का पुरावा देतं, मूळ असल्याचा फक्त दाट संशय. खूप मोठ्या घातांकांवर आधी पाया ३ ची चाचणी आणि मूळ वाटल्यावर लुकास–लेमर हाच क्रम असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३६२७९८४१ − १ ही ४१०२४३२० अंकी संख्या अशीच पक्की झाली.

सातवा_घात

तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही, म्हणून लिहितो. मला स्वतःला या संख्येचा हाच भाग सर्वात देखणा वाटतो.

ते प्रोग्राम आधीच्या संख्येला १६८०७ ने गुणतात आणि म = २१४७४८३६४७ ने भागून उरलेली बाकी पुढची संख्या म्हणून देतात. म्हणून गुणक असा हवा की सगळ्या बाक्या फिरून याव्यात. म − १ चे अवयव काढायला यंत्र लागत नाही:

म − १ = २ × (२^३० − १) = २ × (२^१५ − १) × (२^१५ + १).
२^१५ − १ = ३२७६७ = ७ × ३१ × १५१.
२^१५ + १ = ३२७६९ = ३² × ११ × ३३१.

एकूण २ × ३² × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. सगळे अवयव लहान. म्हणून एखादी संख्या प्रिमिटिव्ह रूट आहे का, म्हणजे तिचे घात १ पासून म − १ पर्यंतच्या प्रत्येक बाकीतून फिरून येतात का, हे सात घातांकांवर तपासून कळतं: १०७३७४१८२३, ७१५८२७८८२, ३०६७८३३७८, १९५२२५७८६, ६९२७३६६६, १४२२१७४६, ६४८७८६६. यातल्या एकाही घाताची बाकी १ नसेल आणि म − १ या घाताची १ असेल, तर ती संख्या प्रिमिटिव्ह रूट.

अशी सर्वात लहान संख्या ७. आणि १६८०७ = ७^५. म − १ ला ५ ने भाग जात नाही, म्हणून ७^५ सुद्धा पूर्ण चक्कर मारतो. लुईस, गुडमन आणि मिलर यांनी १९६९ मध्ये तो वापरला, पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये ‘किमान दर्जा’ म्हणून पुढे आणला. एकूण प्रिमिटिव्ह रूट ५३,४६,००,००० आहेत, म्हणजे १६८०७ एकमेव वगैरे काही नाही. पुढे ४८२७१ जास्त बरा ठरला.

२ का चालत नाही? २ ने गुणणं म्हणजे ३१ बिट एक घर गोल फिरवणं. ३१ वेळा फिरवलं की परत जागेवर. दोनशे चौदा कोटींऐवजी ३१ चं चक्र.

कुठे फसतं:

सुरुवात ० दिली तर कायम ०. सुरुवात २१४७४८३६४७ दिली तरी तेच, कारण बाकीच्या हिशेबात ती शून्यच. १ ते २१४७४८३६४६ यांतलीच सुरुवात द्या.

३२ बिटांतच काम करायचं असेल तर श्रागेची रीत. म = १६८०७ × १२७७७३ + २८३६. संख्येला १२७७७३ ने भागा, बाकीला १६८०७ ने आणि भागाकाराला २८३६ ने गुणा, पहिल्यातून दुसरं वजा करा, ऋण आलं तर म मिळवा. एकही मधला आकडा ३१ बिटांबाहेर जात नाही. आज ६४ बिट हाताशी असताना दुमडणीच सरळ पडते.

तपासणी: सुरुवात १ ठेवून १०००० वी संख्या १६८०७ ला १०४३६१८०६५ आणि ४८२७१ ला ३९९२६८५३७ यायला हवी. पहिल्या दोनचार संख्या जुळल्या म्हणून थांबू नका. ओव्हरफ्लोची चूक पहिल्याच गुणाकारात दिसेल असं नाही.

गुपित किल्ल्या बनवायला हे अजिबात वापरू नये. एक संख्या कळली की पुढच्या सगळ्या कळल्या.

आणि एक बोनस: वरची सात घातांकांची तपासणी पाया ७ वर पार पडली की म मूळ असल्याचं वेगळंच सिद्धीकरण होतं. ज्या संख्येच्या हिशेबात कुणाचं तरी चक्र नेमकं म − १ लांबीचं आहे, ती मूळच असते. ऑयलरच्या भागाकारांपेक्षा हे पडताळायला फार स्वस्त.

चौसष्ट_घरे

एक गैरसमज वारंवार दिसतो म्हणून: ही संख्या ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकाची कमाल मर्यादा आहे, याचा ती मूळ असण्याशी संबंध नाही. १६ बिटांची मर्यादा ३२७६७ संयुक्त आहे (वर अवयव आलेच). ६४ बिटांची २^६३ − १ सुद्धा संयुक्त, ६३ हा घातांकच संयुक्त असल्यामुळे. तिला ७ ने दोनदा भाग जातो. १९ जानेवारी २०३८ ला भारतीय वेळेनुसार सकाळी ८:४४:०७ वाजता सेकंद मोजणारी जुनी ३२ बिटी घड्याळं या आकड्यावर पोचतील, ती अडचण बिटांची आहे, मूळपणाची नाही.

मात्र हॅशसाठी (मजकुरावरून ठराविक आकडा काढण्यासाठी) मॉड्युलस म्हणजे भाजक म्हणून दोन्ही गुण एकत्र आल्याने ती सोयीची पडते: मूळ असल्याने प्रत्येक शून्येतर बाकीचा व्यस्त मिळतो, आणि २^३१ − १ असल्याने भागाकार लागत नाही. पण सुमारे ५५ हजार वेगवेगळ्या स्ट्रिंग झाल्या की निदान एक टक्कर (दोन स्ट्रिंगना तोच आकडा) होण्याची शक्यता निम्म्यावर जाते. तिथे २^६१ − १ = २३०५८४३००९२१३६९३९५१ घ्या. तीही मूळ, दुमडणी तशीच, फक्त गुणाकार १२८ बिटांत करावा लागतो.

कागदपेन्सिल

शेवटचा प्रश्न. घातांक म्हणून हीच संख्या घेतली, म्हणजे २^२१४७४८३६४७ − १, तर? ३, ७, ३१, १२७ घातांक म्हणून घेतले तर मूळ संख्या मिळतात म्हणे.

सातवा_घात

तिथे साखळी आधीच तुटलेली आहे. २^१३ − १ = ८१९१ मूळ आहे, पण २^८१९१ − १ संयुक्त आहे. तुमच्या संख्येला ६४६४५६९९३ अंक आहेत आणि तिचा एक विभाजक माहीत आहे: २९५२५७५२६६२६०३१. शेषफळ यांच्या चाळणीतून तो जातो का बघा: त्यातून १ वजा केला की बरोबर १३७४९० × २१४७४८३६४७, आणि ८ ने भागल्यावर बाकी ७.

प्रत्यक्ष भाग जातो हे तपासायला ती महाकाय संख्या लिहावी लागत नाही. २ घ्या आणि या विभाजकाच्या बाकीत ३१ वेळा वर्ग करा. २^(२^३१) ची बाकी मिळेल, आणि ती २ आली की झालं. पहिले पाच वर्ग (४२९४९६७२९६ पर्यंत) बाकी न काढता जातात, पुढे वर्ग २९ अंकांपर्यंत वाढतात, तेव्हा १२८ बिटांचा गुणाकार लागेल. दुमडणी इथे चालणार नाही. विभाजक २ च्या घाताला लागून नाही, खरा भागाकारच करावा लागतो.